आईबाबांच्या फोनला कुलूप लावायचं की पैशाला?

फसवणुकीच्या फोनांपासून घरातल्या ज्येष्ठांना वाचवायचं, तर अनेकांना आधी सुचतो तो साधा बटणांचा फोन. खाकी कपडे चढवून व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे घरबसल्या खोटी अटक, करणारा भामटा त्यानं टळतो, हे खरं. पण 'केवायसी संपलंय, आलेला ओटीपी सांगा' हा फोन त्यावरही येतोच, आणि नातवंडांचं तोंड दिसणं मात्र बंद होतं. मला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो.

फोन कोणाचा ते सांगणारी ट्रूकॉलरसारखी ॲप्स बरीचशी लोकांच्या तक्रारींवर चालतात. काल घेतलेल्या सिमबद्दल त्यांना काय कळणार? त्यापेक्षा अनोळखी कॉल गप्प करणारी सेटिंग बरी. व्हॉट्सॲपमध्ये ती प्रायव्हसीत, 'कॉल्स'खाली असते. ती आजच चालू करा, अडत काहीच नाही. नेहमीच्या फोन कॉलवर अशी सेटिंग लावली, तर मात्र अडतं. सिलिंडर घेऊन खाली उभा असलेला, रक्त न्यायला येणारा लॅबवाला, कुरिअरवाला, सगळे अनोळखीच. दोनदा सिलिंडर परत गेला की बाबा स्वतःच ती सेटिंग बंद करायला लावतील. शिवाय बऱ्याच अँड्रॉइड फोनांत 'अननोन' ब्लॉक केलं, तर फक्त नंबर लपवणारेच अडतात, बाकीचे खुशाल येतात.

आता पैशाचं कुलूप. डिजिटल अरेस्टमध्ये घाबरलेला माणूस कित्येकदा स्वतः बँकेत जातो, एफडी मोडतो आणि मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवायचा आरटीजीएसचा फॉर्म भरतो. तिथे ॲप काय करणार आणि यूपीआयची मर्यादा तरी काय करणार! म्हणून माझा कौल इकडे. यूपीआय फक्त घरखर्चाच्या छोट्या खात्याला जोडायचं. पेन्शनच्या खात्याला ना यूपीआय, ना नेटबँकिंग. मोठ्या एफडी संयुक्त नावावर, आणि 'दोघांपैकी कोणीही' असं न लिहिता दोघांच्या सहीनं. मग मुदतीआधी मोडायची तर दुसऱ्याला विचारावंच लागतं, आणि 'कोणाला सांगू नका' ही भामट्याची अट तिथेच मोडते.

यातही गोम आहे. आईबाबा दोघंच राहत असतील तर भामटा दोघांनाही घाबरवतो. दुसरी सही त्याच गावातल्या मुलाची किंवा मुलीची हवी. मुलगा अमेरिकेत असेल तर ऐन आजारपणात सहीसाठी खोळंबा होईल. दवाखान्यापुरती एक एफडी 'दोघांपैकी कोणीही'वरच ठेवा. आणि 'तुम्हाला कळत नाही' या सुरात हा विषय काढलात, तर सही राहिली बाजूला, आठवडाभर अबोला मिळेल.

काहीही निवडलंत तरी १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, असं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं. म्हणून बँकेचा नंबरही त्याच्याच शेजारी.