टेरोडॅक्टिलसच्या सांगाड्याची प्रतिकृती : बोट अचूक, माहितीपुस्तिका सदोष

सुटे भाग जोडून उभी करायची ही प्रतिकृती पंख पसरल्यावर सुमारे ५० सेंटिमीटर भरते, म्हणजे पूर्ण वाढलेल्या टेरोडॅक्टिलसच्या (डायनासोरांच्या काळातील एका उडणाऱ्या सरीसृपाच्या) साधारण निम्मी. अशी कोणतीही प्रतिकृती हाती आली की मी आधी तिचा पंजा पाहते, कारण या प्राण्याचे नावच तेथून आले आहे. ग्रीक भाषेत ‘टेरॉन’ म्हणजे पंख आणि ‘डॅक्टिलोस’ म्हणजे बोट.

पंजावर निर्मात्याने मनापासून मेहनत घेतली आहे. पहिली तीन बोटे आखूड आणि नखे असलेली आहेत. चौथे मात्र बिननखी असून चार लांब हाडांनी थेट पंखाच्या टोकापर्यंत गेले आहे. आपल्या हाताच्या हिशेबाने हे बोट अनामिका ठरते. ज्या बोटाला आपण ‘नाव नसलेले’ म्हणतो, त्याच बोटावरून या प्राण्याला नाव मिळाले, याचे मला फार अप्रूप वाटते. मनगटाजवळचे टेरॉइड हे काडीसारखे हाड, जे टेरोसॉर म्हणजे टेरोडॅक्टिलस ज्यात मोडतो त्या उडणाऱ्या सरीसृपांच्या गटाखेरीज कोणत्याही प्राण्यात आढळत नाही, तेही गाळलेले नाही. चौथ्या बोटाचा सांधा तेवढा सैल आहे, त्यामुळे पंख मिटून प्रतिकृती चार पायांवर उभी केली की ती हळूहळू कलते.

माहितीपुस्तिकेने मात्र निराशा केली. तिच्यात या प्राण्याला ‘उडणारा डायनासोर’ म्हटले आहे; वास्तविक टेरोसॉर हे डायनासोरांचे जवळचे नातलग असले तरी त्यांची शाखा वेगळी आहे. त्याहून खटकणारी चूक म्हणजे नावाचा अर्थ ‘पंखवाला सरडा’ असा दिला आहे. तो अर्थ ‘टेरोसॉर’ या संपूर्ण गटाच्या नावाचा आहे, टेरोडॅक्टिलसचा नव्हे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील चुनखडीत सापडलेल्या पहिल्या जीवाश्माचे वर्णन इटालियन निसर्गअभ्यासक कोलिनीने १७८४ मध्ये केले, तेव्हा त्याला तो समुद्री प्राणी वाटला होता. १८०१ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएने तो उडणारा सरीसृप असल्याचे ओळखले आणि १८०९ मध्ये त्या बोटावरूनच ‘टेरो-डॅक्टिल’ हे नाव दिले. हा सारा इतिहास पुस्तिकेत एका परिच्छेदात मावला असता, पण त्याचा उल्लेखही नाही.

सांगाडा समजून घेण्यासाठी ही प्रतिकृती मी निःसंकोच सुचवीन. वर्गात वापरणार असाल, तर पुस्तिका बाजूला ठेवून मुलांना आधी ते चौथे बोट मोजायला सांगा.