सातपुड्यात गाडीचा ठावठिकाणा: फोन, एपीआरएस की लोरा?

गाडी कुठे पोचली ते बाकीच्यांना नकाशावर दिसावं, यासाठी हॅमपुढे, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यापुढे, तीन वाटा आहेत. निवडताना किंमत नंतर बघा. तुमचा सिग्नल ऐकायला त्या भागात कोण आहे, ते आधी बघा.

एपीआरएस म्हणजे ठिकाण आणि छोटे निरोप रेडिओवरून पाठवायची हॅमची पद्धत. त्यात सगळ्यात सोपं म्हणजे फोनवर एपीआरएसड्रॉइड हे अ‍ॅप. कॉलसाइन (हॅमला परवान्यासोबत मिळणारं ओळखचिन्ह) आणि पासकोड टाकला की फोनचा जीपीएस नेटवरून ठिकाण पाठवतो आणि एपीआरएस डॉट एफआय या नकाशाच्या संकेतस्थळावर तुमची गाडी सरकताना दिसते. सुरत-धुळे-जळगाव महामार्गावर एवढं पुरे. याला रेडिओ म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. धडगाव, तोरणमाळकडे वळलात की मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, आणि रेंज गेली की गाडीही नकाशावर थिजते.

दुसरी वाट खरी एपीआरएसची. अमेरिकन नौदल अकादमीतल्या बॉब ब्रुनिंगांनी ही पद्धत घडवली. हे नुसतं गाडी शोधायचं यंत्र नाही, परिसरात काय चाललंय ते सगळ्यांना एकदम कळावं म्हणून आहे, असं ते बजावत. दोन मीटर या हॅमच्या रेडिओ पट्ट्यावर १२०० बॉड वेगाचं, माहितीचं छोटं पॅकेट ‘चर्र’ करून जातं. पोचल्याची पावती येत नाही. मध्ये डोंगर आला तर पॅकेट गेलं वाया, म्हणून उंचावर डिजिपीटर, म्हणजे ऐकलेलं पॅकेट पुढे पाठवणारा सेट, लागतोच. अस्तंब्याच्या यात्रेत स्वयंसेवकांच्या गाड्यांवर लक्ष ठेवायचं तर एक माणूस रेडिओ घेऊन डोंगराच्या धारेवर बसवा. केनवुडचा टीएच-डी७५ हा हातातला सेट स्वतःच डिजिपीटर होतो, जीपीएसही त्यातच. खिशाला मात्र चांगलीच चाट बसते.

स्वस्तात भागवायचं तर साधा हँडी (हातात मावणारा रेडिओ), केबल आणि फोन. इथे एक मेख आहे. व्हॉक्सवर ठेवलेला सेट आवाज ऐकून मग ट्रान्समिट सुरू करतो, तोवर पॅकेटचं डोकं उडालेलं असतं आणि समोरच्याला नुसती खरखर ऐकू येते. अ‍ॅपमध्ये सुरुवातीचा विलंब वाढवा, नाहीतर पीटीटी (ट्रान्समिट करायचं बटण) दाबणारी केबल घ्या. स्मार्ट बीकनिंग, म्हणजे वेग आणि वळण बघून ठिकाण पाठवणं, चालू असेल तर वळणावळणाला पॅकेट सुटतं. कन्नड घाटात एकटी गाडी असताना हे छानच, पण ताफा असेल तर सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकमेकांवर आदळतात.

तिसरी वाट लोराची, म्हणजे कमी विजेत लांब जाणाऱ्या छोट्या रेडिओ निरोपांची. मेशटास्टिक हे सॉफ्टवेअर घातलेला छोटा बोर्ड आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर विनापरवाना चालतो, त्यामुळे परवाना नसलेल्या स्वयंसेवकाच्याही पाठपिशवीत टाकता येतो. बॅटरी कमी खातो. डोंगरापुढे तोही हतबलच, दरीगणिक असा एखादा बोर्ड (नोड) ठेवावा लागतो. लोरा-एपीआरएस, म्हणजे लोरावरून हॅमचं एपीआरएस, ही वेगळी गोष्ट. त्याचे बोर्ड बहुधा युरोपच्या ४३३.७७५ मेगाहर्ट्झवर लावलेले येतात आणि आपला हॅमचा पट्टा ४३४ पासून सुरू होतो. तेव्हा तसाच चालू करू नका.

नुसता महामार्ग असेल तर फोनच ठेवा. डोंगरात जाणार आणि सोबत सगळे परवानेवाले असतील तर दोन गाड्यांत साधे हँडी आणि धारेवर एक चांगला सेट, असं मी करेन. मंडळी मिश्र असतील तर पायी चालणाऱ्यांना लोरा द्या. आणि हँडी गाडीत घेऊन बसलात तर रबरी अँटेनावर विसंबू नका. टपावर चुंबकी अँटेना लावा, पत्र्याच्या आत निम्मा सिग्नल तिथेच मरतो.