सहा बाटल्यांचा ‘अरोमाथेरपी संच’: सांगलीत झालेली फसवणूक आणि ती ओळखायची कशी

विश्रामबाग भागातल्या एका विक्री-प्रदर्शनात हळद, निलगिरी, लव्हेंडर, गुलाब, चंदन आणि स्ट्रॉबेरी अशा सहा ‘इसेन्शियल ऑइल’चा, म्हणजे वनस्पतीतून काढलेल्या सुगंधी तेलांचा, संच विकला गेला. बाटली १० मिलीची, कुठलीही घ्या, २५० रुपये. पार्लर चालवणाऱ्या एका ताईंनी मसाजसाठी दोन संच घेतले. तीन हजार गेले, हातात आली साध्या कागदावरची पावती.

पहिली खूण भावातच होती. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. निलगिरीचं तेल पाल्यातून सहज आणि भरपूर निघतं. दोन्ही एकाच भावात मिळत असतील तर गुलाबाच्या बाटलीत गुलाब नाही, एवढं नक्की. स्ट्रॉबेरी तर महाबळेश्वरचं नाव घेऊन खपवली. या फळापासून असं तेल काढलंच जात नाही. बाटलीत होता तो कृत्रिम सुगंध.

हळदीची बाटली मात्र हळदीच्याच पेठेत खपली, कारण रंग गडद पिवळा होता. खरं तर तिथेच संशय यायला हवा. हळकुंडं वाफेवर ठेवून तेल काढताना वाफेबरोबर टर्मेरोनसारखे उडणारे घटक येतात. रंग देणारं कर्क्युमिन उडत नाही, ते भांड्यातच राहतं. म्हणून खरं तेल फिकट पिवळं, फार तर नारिंगी झाक असलेलं. पांढऱ्या कापडावर थेंब टाकून ओला साबण चोळा. डाग लालसर झाला तर साध्या तेलात हळदीचा अर्क घातलेला आहे. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच हा गुण. इथेही डाग लाल झाला.

विक्रेता ‘शुद्धता’ दाखवायला पेल्यातल्या पाण्यात थेंब सोडत होता: तरंगलं म्हणजे अस्सल! खोबरेल तरंगतं, लिक्विड पॅराफिनही तरंगतं, आणि अस्सल लवंगतेल बुडतं. त्यापेक्षा साध्या कागदावर थेंब टाकून एक दिवस ठेवा. निलगिरी, लव्हेंडर जवळजवळ पूर्ण उडून जातात. तेलकट पारदर्शक डाग राहिला तर खोबरेल किंवा तसंच जड तेल मिसळलेलं आहे. चंदन आणि वाळा जड असल्याने त्यांना ही कसोटी लावू नका. टर्पेंटाइन किंवा कृत्रिम लिनॅलिल ॲसिटेट (लव्हेंडरच्या वासाचा एक मुख्य घटक) घातलं असेल तर तेही उडून जातं, कागदावर कळत नाही. त्याला जीसी-एमएस, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते, आणि अहवाल त्याच बॅचचा हवा. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला आणि तेल कसं काढलं हेही बघा. ‘थेरप्यूटिक ग्रेड’ नावाचा कोणताही सरकारी दर्जा नाही.

‘थेट त्वचेवर लावा, काही होत नाही’ हे सांगणं सर्वांत घातक. त्या भेसळीच्या तेलाने काही होत नाही, कारण त्यात बहुतांश खोबरेलच असतं. पण तीच सवय घेऊन पुढे कुणी खरं तेल लावलं की कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. मसाजसाठी दोन टक्के पुरे, म्हणजे ३० मिली तिळाच्या किंवा खोबरेल तेलात सुमारे १२ थेंब. चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा. सालीतून दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं तर चट्टे उठतात. निलगिरीचा वाफारा मोठ्यांसाठी ठीक, पण तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ निलगिरी किंवा कापूर नको, श्वासाला धोका असतो. मुलाने चुकून निलगिरीतेल प्यायलं तर ओकारी काढू नका, तेल फुप्फुसात जाऊ शकतं. थेट दवाखाना गाठा. बाटली गडद काचेची आणि घट्ट झाकणाची घ्या. जुनं, हवा लागलेलं लव्हेंडर त्वचेला ॲलर्जी करतं.

फसगत झालीच असेल तर बाटल्या रिकाम्या करू नका. लेबल, पावती, यूपीआयचा तपशील आणि एक न उघडलेली बाटली जपून ठेवा. उत्पादकाचा पत्ता, निव्वळ प्रमाण किंवा एमआरपी छापलेली नसेल तर तक्रार वैधमापन (वजनमापं आणि पाकिटावरची माहिती तपासणाऱ्या) कार्यालयात करता येते. पैशांसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.