शब्द क्रमाने लावणं: आधी एबीसी की आधी क-ख-ग?

दुसरी-तिसरीतल्या मुलाला शब्द क्रमाने लावायला शिकवायचं तर पुण्यातल्या पुष्कळ घरांत हा प्रश्न येतोच. शाळा इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजी, घरात बोलणं मराठी. दोन्ही एकदम सुरू केलं की मूल गोंधळतं, म्हणून आधी कुठलं हे ठरवावं लागतं. माझा कौल मराठीला, पण बाराखडी पक्की हवी. 'कु आधी की के?' या प्रश्नाला मूल अडखळत असेल, तर खुशाल एबीसीपासून सुरू करा.

इंग्रजीत 26 अक्षरं एका ओळीत. मात्रा नाहीत, जोडाक्षरं नाहीत. पहिलं अक्षर सारखं निघालं तर दुसरं बघायचं, तेही सारखं तर तिसरं. क्रम लावणं म्हणजे काय हेच मुलाला नवीन असतं, तेव्हा हा सरळपणा फार कामी येतो. खोट एवढीच की मुलांना एबीसी गाणं म्हणून पाठ असते. 'आर आधी की एम?' विचारा, स्वारी एपासून गुणगुणत निघते. भिंतीवर तक्ता लावला की ही सवय हळूहळू सुटते. तक्ता अप्पा बळवंत चौकात मिळेल. त्या चौकालाही पुणेकर एबीसीच म्हणतात, हे मुलांना भारी आवडतं.

मराठीत पहिल्यापासून म्हणत यायची गरज कमी पडते. क ते म ही 25 व्यंजनं पाच वर्गांत बसवलेली आहेत आणि वर्गांचा क्रम तोंडातल्या तोंडात कळतो. क-ख घशाकडून, च-छ टाळूला, ट-ठ जीभ वर वळवून, त-थ दातांशी, प-फ ओठांनी. 'ध आधी की ब?' याचं उत्तर सात वर्षांचं मूल दोन्ही अक्षरं मोठ्याने म्हणून स्वतःच काढू शकतं. यपासून पुढे मात्र पाठांतराला पर्याय नाही. ळ हनंतर येतो हे सांगून ठेवा, पण त्याने सुरू होणारे शब्द मराठीत सापडत नाहीत, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

सरावाला पुण्याच्या पेठा घ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक नाव लिहून चिठ्ठ्या करा आणि जमिनीवर मांडा. पहिल्या दिवशी कसबा, घोरपडे, नाना, भवानी, सदाशिव एवढ्याच. अक्षरं सगळी वेगळी, त्यामुळे पटकन जमतं. मग वारांच्या सात पेठा द्या. इथे गंमत होते: मूल हमखास सोमवार, मंगळवार, बुधवार असे वार लावत सुटतं. लावू द्या, आणि मग विचारा, 'ग कुठे गेला?' गुरुवार उचलून पुढे ठेवला की बाकीचे आपसूक हलतात: गुरुवार, बुधवार, मंगळवार, रविवार, शनिवार, शुक्रवार, सोमवार. शनिवार-शुक्रवारपाशी मात्रा बघायची पाळी येते, तीच रविवार-रास्ता आणि गणेश-गुरुवारपाशी. नाना आणि नारायणमध्ये तर 'ना'सुद्धा सारखा, म्हणून पुढच्या न आणि रपर्यंत जावं लागतं. गंज पेठेची चिठ्ठी सध्या बाजूला ठेवा. बाराखडीत अं औच्या मागे, म्हणून मूल गंज गुरुवारच्या मागे लावेल; फोनची यादी मात्र गंजला गणेशच्याही आधी आणते. या वयात तो वाद कशाला?

याच चिठ्ठ्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहिल्या तर क्रम पालटतो. मराठीत बुधवार आधी, भवानी मागून. इंग्रजीत बीनंतर एच यूच्या आधी म्हणून भवानी पुढे. मराठीत शनिवार, शुक्रवार आणि मग सदाशिव. इंग्रजीत सदाशिव दोघांच्या पुढे. म्हणूनच दोन्ही क्रम एकाच महिन्यात नकोत. आणि इंग्रजी शिकवताना मराठी नावं न घेता कॅट, डॉग, फिश असे शब्द घ्या.

छापील कार्यपत्रिका दोन्हींत मला कमी पडतात. चुकलं की खोडायचं, खोडून कागद फाटायचा. चिठ्ठी नुसती सरकवायची असते. मोबाइलवरच्या खेळात शब्द सरकवता येतात खरे, पण मुलाला आपल्या घराजवळच्या पेठेचं नाव तिथे सापडेलच असं नाही.

जोडाक्षरं चौथीवर सोडा. मुलाला वाटतं 'क्रम'मध्ये पहिला क आहे, म्हणजे तो 'कमळ'च्या आसपास. कोशात तो 'कौल'च्याही पुढे, कारण त्यातला क अर्धा आहे आणि अर्ध्या कचे शब्द सगळी बाराखडी संपल्यावर येतात. क्षची जागा सगळीकडे एक नाही: वर्णमालेत शेवटी, संगणकाच्या हिशेबाने क आणि ष जोडलेला म्हणून कमध्येच. इथवर आलेल्या मुलाच्या हातात जाडजूड शब्दकोश द्यायला हरकत नाही. कोश करणं किती चिवट काम आहे हेही सांगा: डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम 1948 साली सुरू झालं आणि छापून आलेले सगळे खंड अजून 'अ'चेच आहेत. मग कोशात आधी 'कौल' काढायला लावा आणि तिथून पानं मागे उलटायची की पुढे, हे न सांगता 'क्रम' शोधायला सांगा.