कोलॉइडल सिलिका: आमच्या मशीनवर आठ महिने वापरून आलेला अनुभव

आमची मिल कराडच्या बाजूला, लहानच आहे, वह्यांचा पांढरा कागद काढतो. माल म्हणजे निम्म्याच्या वर रद्दी आणि बाकी बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) पल्प, ऊस काय आपल्याकडं दारातच. पण बगॅस घातला की पहिलं दुखणं म्हणजे पाणी सुटत नाही, पिथ (चिपाडातला भुसभुशीत गर) कितीही काढा, फाइन्स म्हणजे धाग्यांचा बारीक चुरा राहतोच आणि वायरवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या फिरत्या जाळीवर, लगदा नुसता चिकट बसतो. स्पीड वाढवला की कौचला (जाळीच्या शेवटच्या रोलला) कागद ओला येणार, प्रेसला तुटणार, आणि मग ब्रोकचा, म्हणजे फाटक्या कागदाचा ढीग. वेट एंडला, म्हणजे मशीनच्या ओल्या बाजूला, मी बरीच वर्षं काढलीत, म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण पाणी लवकर सुटावं आणि बारीक माल कागदात राहावा म्हणून लगद्यात घालायची ही कोलॉइडल सिलिका (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण) घ्यावी का हा प्रश्न मला आसपासच्या मिलमधले चार जण तरी विचारून गेलेत.

आधी आमच्याकडं याच कामाला पॉलिमर आणि बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) होतं. बेंटोनाइट वाईट नाही, कुणी तसं सांगत असेल तर ऐकू नका, पण रोज पोती फोडायची, टाकीत भिजवायचं, फुगायला वेळ द्यायचा, गाळ बसला की लाइन चोक, आणि धूळ सगळ्यांच्या नाकात. सिलिका पातळ, किंचित दुधाळ पाण्यासारखी ड्रममधनं तयारच येते, पंप लावला की डोस सुरू. ही पद्धत काही आजची नाही, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधनं कॉम्पोझिल नावानं बाजारात आली, कॅटायनिक (पॉझिटिव्ह चार्जचा) स्टार्च आणि सिलिका अशी जोडी.

काम कसं करते ते थोडक्यात सांगतो. कागदाचा धागा, फाइन्स, कॅल्शियम कार्बोनेटचा फिलर (कागदात भरायची पांढरी भुकटी), सगळ्यांवर निगेटिव्ह चार्ज, म्हणून ती एकमेकांना लांब ढकलतात आणि वायरच्या जाळीतनं निसटतात. स्टार्च पॉझिटिव्ह, तो आधी जाऊन त्यांना धरतो. मग शेवटी सिलिकाचे कण येतात, साधारण 5 नॅनोमीटरचे, निगेटिव्ह, आणि ते स्टार्चच्या साखळ्या आवळून बारीक बारीक गुठळ्या करतात. कण एवढे लहान की 1 ग्रॅम सिलिकाचं एकूण पृष्ठफळ 500 चौरस मीटरच्या वर जातं, म्हणजे कबड्डीची जवळपास 4 मैदानं. म्हणून टनाला साधारण अर्धा ते 2 किलो सुकी सिलिका पुरते. नुसतं पॉलिमर जास्त घातलं तर मोठे गठ्ठे होतात आणि कागद उजेडात धरला की ढगाळ दिसतो, इथं गुठळी बारीक असल्यामुळं पाणी पण सुटतं आणि फॉर्मेशन (कागदाचा एकसारखेपणा) पण सांभाळलं जातं.

पहिले पंधरा दिवस मात्र आमचा पूर्ण भ्रमनिरास झाला होता. सप्लायरच्या माणसानं (नाव लिहीत नाही) डोस पॉइंट फॅन पंपाच्या (लगदा मशीनकडं ढकलणाऱ्या पंपाच्या) आधी दिला, लाइन जवळ पडते म्हणून. फॅन पंप आणि त्यापुढची चाळणी म्हणजे प्रेशर स्क्रीन, दोन्हीचा मार खाऊन गुठळ्या पार मोडायच्या, फरक शून्य, वर बिल सुरू. मालक म्हणाले बंद करा. मी म्हटलं साहेब, एक आठवडा द्या, आणि मेंटेनन्सच्या पोराला घेऊन सिलिकाची लाइन प्रेशर स्क्रीनच्या पुढं, हेडबॉक्सच्या (वायरवर लगदा सोडणाऱ्या पेटीच्या) अगदी अलीकडं टाकली. त्या दुपारी मी वायरखालच्या ट्रेचं पाणी काचेच्या ग्लासात घेतलं, सकाळचा ग्लास शेजारी होताच. सकाळचं पाणी ताकासारखं, मागं धरलेलं बोट दिसत नव्हतं, दुपारच्या ग्लासातनं बोटाची नखं दिसली. वायरवरची ओली चमक जिथं संपते ती ड्राय लाइन पण हेडबॉक्सकडं चांगली सरकली होती. मशीनमन मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेला.

ते ट्रेचं पाणी म्हणजे पैसा आहे हो. विकत आणलेला फिलर आणि फाइन्स पहिल्या फेरीतच कागदात राहिला तर ठीक, नाहीतर बॅकवॉटरमध्ये (परत वापरायच्या त्याच पाण्यात) फिरत राहतो, एकेडी साइज (कागदाला पाणी शोषू न देणारं रसायन) पण सोबत घेऊन जातो, आणि शेवटी ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्लांटच्या, स्लजमध्ये (गाळात). आमच्याकडं स्लजच्या ट्रॉल्या कमी झाल्या हे ईटीपीवाल्यानं मला स्वतःहून सांगितलं. वाफेचं पण तसंच, प्रेसनंतर कागद 1 टक्का जास्त कोरडा आला तर ड्रायरची वाफ साधारण 4 टक्के वाचते हा पेपरवाल्यांचा जुना हिशोब आहे, आणि बॉयलरला काय जळतंय ते महिन्याच्या बिलात दिसतंच.

आता तक्रारी. एक, रेट. किलोचा भाव ऐकून घाबरू नका आणि खूशही होऊ नका, आधी सॉलिड (सुका माल) किती ते विचारा. आमचा माल 15 टक्क्यांचा, म्हणजे 100 किलोत 85 किलो पाणीच, त्याचं भाडं आपण भरतो. 8 टक्क्यांचा स्वस्त माल दाखवून गेलेले लोक आहेत. दोन, हा माल एकटा काही करत नाही. एका रात्रपाळीला स्टार्च कुकरची वाफ कमी पडली, स्टार्च 95 डिग्रीला वीसेक मिनिटं नीट शिजायला पाहिजे तो कच्चाच गेला, सकाळी ट्रेचं पाणी परत ताक. सगळे सिलिकाला शिव्या देत होते. तीन, रद्दी घाण आली, डिटर्जंट-शाईचा कचरा जास्त असला, की तो कचराच स्टार्चचा चार्ज खाऊन टाकतो, तेव्हा आधी थोडं पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड द्यावं लागतं. उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी वाढलं की पण डोस बघावा लागतो. क्राफ्टवाल्यांनी (खोक्यांचा तपकिरी कागद काढणाऱ्यांनी), ज्यांचं पाणी बाहेर न सोडता आतच फिरतं आणि रद्दी मिक्स, त्यांनी ट्रायल घेतल्याशिवाय टँकर मागवू नये, तिथं बेंटोनाइट कदाचित सोयीचं पडेल.

आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही. एका हेल्परनं तुरटीचा पाइप सिलिकाच्या टाकीला लावून धुतला, तासाभरात टाकीच्या तळाला खरवसासारखी थलथलीत जेली. पंपाचा व्हॉल्व्ह जाम, अर्धी शिफ्ट गेली. सिलिका अल्कलीत स्थिर असते, तुरटी, ॲसिड, मीठ लागलं की गोठते आणि परत पातळ होत नाही. सांडली तर ओली असतानाच पुसा, वाळली की काचेसारखी पापडी धरते. ही सिलिका अमॉर्फस असते, खाणीतल्या क्वार्ट्झच्या धुळीसारखी नाही, पण वाळलेली भुकटी उडवू नका आणि हातमोजे, चष्मा घाला, हात लय कोरडे पडतात.

माझ्याकडनं 5 पैकी 4. एक मार्क सप्लायरच्या पहिल्या पंधरा दिवसांचा कापला. आम्ही टाकीला निळा पाइप वेगळा लावलाय, त्यावर पेंटनं फक्त सिलिका असं लिहिलंय, आणि दर शिफ्टला ट्रेच्या पाण्याचा ग्लास भरून खिडकीत ठेवायचा असं रजिस्टरात घातलंय.