भारत इतिहास संशोधक मंडळात आठ महिने: सनद वाचायला शिकले, निघाली म्हैस

आमच्याकडे जुन्नरकडच्या घरातून आलेली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात मोडीचे अकरा कागद. त्यातला सर्वांत लांबलचक कागद म्हणजे ‘पेशव्यांनी दिलेली इनामाची सनद’, असं आजोबा सांगायचे, त्यांच्यानंतर बाबा. दोन वर्षांपूर्वी मी एका लिप्यंतर करून देणाऱ्याला पैसे भरून त्याचे फोटो पाठवले. त्याने व्हॉट्सॲपवर ‘इनामपत्र आहे’ एवढं कळवलं आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. त्या रागात मी सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिराजवळच्या मंडळाच्या मोडी वर्गाला नाव घातलं. ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मंडळ ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केलं. दत्तो वामन पोतदार, फारसी शिकून फारसी कागद छापणारे ग. ह. खरे, अशी माणसं इथे आयुष्यभर कागदांत मान घालून बसली. हे सगळं माहीत असूनही पहिल्या दिवशी मला वाटत होतं, लिपी आली की झालं.

लिपी पंधरा दिवसांत येते हो. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची, मजा येते. छापील तक्त्यावरून स्वतःचं नाव लिहून मी घरच्या ग्रुपवर टाकलंही. मग खरा कागद समोर आला. दोन शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पूर्णविराम नाही, आणि लिहिणाऱ्याला घाई. पहिले तीन महिने एका तासाला दोन ओळी हा माझा वेग होता.

त्याहून छळलं ते तारखांनी. पेशवाईतल्या पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं येतं. हे आकडेच, पण अरबी आणि उलट्या क्रमाने: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन, पेशवाईच्या कागदांतली अरबी आकड्यांची वर्षगणना, ११६१. मृग लागला की हे वर्ष बदलतं. त्यात ५९९ मिळवले की वर्ष सुरू होतानाचा इसवी सन येतो, १७६०. आणि जानेवारीतलं पत्र असेल तर १७६१. म्हणजे पानिपतचं साल! महिना मात्र हिजरी, ‘छ’ लिहून पुढे चंद्राची तारीख. हे गणित पहिल्यांदा स्वतः सुटलं त्या दिवशी मी बेडेकरांकडे मिसळ खाल्ली.

वर्गापेक्षा मला जास्त लाभले ते मंडळाचे जुने अंक आणि संमेलनवृत्तं. कारी गावच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे सालवार घटनांची टिपणं, लोकमान्य टिळकांना मिळाली आणि ती १९१६ साली मंडळाने छापली. तोवर शिवजन्म शके १५४९ चा धरत. या शकावलीत मात्र शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. म्हणजे आज आपण पाळतो ती १९ फेब्रुवारी १६३०. माहिती शाळेपासूनची, पण एका देशमुखाच्या घरातल्या कागदाने आधीचं साल उलटवलं हे वाचताना मला आमची ट्रंकच दिसत होती. छातीही जरा फुगली, खोटं कशाला बोलू.

तर आमची सनद. सहाव्या महिन्यात मी ती वाचायला घेतली. सुरुवातीलाच ‘शके १७४१ प्रमाथी नाम संवत्सरे’. म्हणजे १८१९. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव तर जून १८१८ मध्येच इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन झाला होता. सनद दिली कोणी? पुढे ‘हमैस’ असं वाचलं आणि आठवडाभर हा कोणी तालेवार असामी असावा असं धरून चालले. वर्गात दाखवल्यावर सर हसले. जुन्या लेखनात ‘म्ह’चा ‘ह्म’ करतात, ‘ह्मणोन’ लिहितात तसा. हमैस नव्हे, ह्मैस! म्हैस गहाण ठेवून पंचाहत्तर अंकुशी रुपये (तेव्हाचं एक नाणं) कर्ज काढल्याचं ते खत होतं. आणि ‘इनाम’? ‘इमाने इतबारे मुद्दल व्याज देऊ’ मधला ‘इमान’. आमच्या लिप्यंतरवाल्याने हवं ते वाचलं होतं.

कोणी जावं? ज्याला बैठक आहे आणि रविवारचा अर्धा दिवस घरी बसून सराव करायची तयारी आहे, त्याने. आयती वंशावळ हवी असेल, तर हे ते ठिकाण नव्हे. घरचे कागद आधी घेऊन बसू नका, मनात ठरलेलं तेच दिसतं. जंत्री, म्हणजे जुन्या तिथींच्या इंग्रजी तारखा देणारं पुस्तक, हाताशी ठेवा. आणि कागद लॅमिनेट करू नका, माझ्या काकांनी दोन केले आहेत, ते आता सुटत नाहीत.

बाबांना मी महिनाभर सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा गप्प बसले, मग म्हणाले, “फेडलं का पण?” कागदाच्या मागे बारीक अक्षरात तीन ओळी आहेत. पहिलीत ‘पावले’, म्हणजे मिळाले, हा शब्द लागलाय. किती पावले, तो आकडा नेमका घडीवर आलाय.