पद्मिनीचा वॉटर पंप रिबिल्ड म्हणून दिला, नुसता रंग मारून परत आला

आमच्याकडं 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे, आण्णांनी घेतलेली, अजून रोज चालू. इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपातनं पाणी ठिबकायला लागलं आणि साताऱ्यात एक जण जुन्या गाड्यांचे पंप रिबिल्ड करून देतो असं कळलं, म्हणून त्याच्याकडं दिला. बेअरिंग नवं, सील नवं, 3200 रुपये असं ठरलं. पंप आला तो एकदम चकाचक, सिल्व्हर रंग मारलेला, आणि बिलावर बेअरिंग, सील सगळं लिहिलेलं.

गावातल्या गावात काही त्रास नाही, ठिबकणंपण बंद. मग वाईवरनं पसरणी घाट चढताना पुढनं खरखर सुरू झाली आणि गाडी कडेला घेईपर्यंत फॅनचं पातं रेडिएटरला लागून जाळी फाटली, सगळं पाणी रस्त्यावर. आण्णा गाडीत होते, भर दुपारचं ऊन. पैसे गेले ते गेले, पण त्यांना तिथं तसं बसून राहावं लागलं याचा राग जात नाही.

वाईतल्या मिस्त्रींनी पंप माझ्यासमोर प्रेसवर खोलला. या गाडीला फॅन पंपाच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळं बेअरिंगला प्ले आला, म्हणजे ते ढिलं झालं, की फॅन डुगडुगतो आणि रेडिएटर तर पुढ्यातच. आता खरी गोष्ट. पंपाच्या बॉडीला खालनं, सील आणि बेअरिंगच्या मधे, एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, सील गेलं की पाणी तिथनं खाली पडावं, बेअरिंगमधे जाऊ नये आणि मालकाला कळावं म्हणून. साताऱ्याच्या त्या माणसानं तेच भोक एम-सीलनं बुजवलं आणि वरनं रंग मारला! सील जुनंच, बेअरिंग जुनंच. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही म्हटल्यावर ते बेअरिंगमधे शिरलं, ग्रीस धुऊन गेलं, गंज चढला. ही नुसती फसवणूक नाही हो, माणसं बसतात त्या गाडीत.

फोन केला तर म्हणतो आजकाल पार्टच असे येतात. ही गाडी बंद होऊन वीसपेक्षा जास्त वर्षं झाली, ओरिजिनल पंप सहज मिळत नाहीत, आपण अडलेले असतो हे या लोकांना पक्कं माहीत आहे.

पंप देताना बॉडीवर आतल्या बाजूला पंचनं खूण करा, काढलेलं सील बेअरिंग परत मागा, आणि घेताना रंग न मारता द्या म्हणून सांगा. हब, म्हणजे फॅन बसतो तो भाग, हातात धरून हलवून बघा, जरापण खेळ नको. मी फोटो आणि बिल जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिलीय, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, आणि आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तरी माहिती देतात.

कराड, कोरेगाव, वाईकडच्या कुणी एवढ्यात असा पंप करून घेतला असेल तर घाट चढायच्या आधी त्या भोकात बारीक तार घालून बघा, आत गेली नाही तर पंप उतरवा.